हुमणी सगळीकडे एकाच वर्षी का माजते?

मे महिन्याच्या अखेरीस वळीव पडतो आणि दिवेलागणीला जमिनीतून भुंगेरे वर येतात. बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात, तिथंच जोड्या जमतात, आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. त्यांच्या अंड्यांतून निघते ती हुमणी. ती पावसाळाभर उसाच्या मुळ्या कुरतडते. गणपती-दसऱ्याच्या सुमाराला पिवळं पडलेलं बेट हातानं ओढलं तर अख्खं उपटून येतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, चिक्कोडी, निपाणीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कोडं पुढंच आहे. एखाद्या वर्षी हुमणी नावाला असते आणि एखाद्या वर्षी शेतं बसवते. असं वर्ष एकट्याचं नसतं. निपाणीचा माणूस रायबागला बहिणीकडं फोन लावतो आणि म्हणतो, "दाजी, यंदा हुमणीनं सगळं खाल्लं बघा." तिकडून उत्तर येतं, "आमच्याकडं तरी काय वेगळं हाय?" दोन्ही गावांत सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे. भुंगेऱ्याची धाव शेताच्या आसपासच्या झाडापर्यंत. मग निपाणीच्या आणि रायबागच्या हुमणीचं एकमेकींशी ठरलंय की काय?

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एकाच संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडणं म्हणजे वेळ जुळणं. त्याचं कारण उघड आहे, माती भिजली की ते निघतात. पण यंदा जास्त आणि पुढच्या वर्षी कमी, हे चक्र दोन लांबच्या गावांत सारखं फिरणं म्हणजे संख्या जुळणं. खरा घोळ त्यात आहे, आणि तो फक्त हुमणीपुरता नाही. उंदीर, ससे, फुलपाखरं, मासे, मेंढ्या अशा कितीतरी प्राण्यांत दूरदूरच्या वस्त्या एकाच सुरात वाढताना आणि घटताना दिसल्या आहेत.

हा सूर पहिल्यांदा नीट ऐकू आला तो कॅनडात, आणि तोही एका व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांतून. हडसन्स बे कंपनी तिथं फरची खरेदी करायची. कुठल्या ठाण्यावर कोणत्या प्राण्याची किती कातडी आली, याच्या नोंदी तिनं शंभर वर्षांहून जास्त काळ ठेवल्या होत्या. चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी त्या चाळल्या आणि १९४२ मध्ये लिंक्स या झुबकेदार कानांच्या मोठ्या रानमांजराचा आलेख मांडला. साधारण दर दहा वर्षांनी लिंक्सची संख्या शिखरावर जाते आणि मग कोसळते. नवल याचं की हजारो किलोमीटर पसरलेल्या कॅनडात ही शिखरं एकमेकांपासून फार तर काही वर्षांच्या अंतरानं येत होती.

पहिला संशय सूर्यावर गेला. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, आणि लिंक्सचंही तसंच काहीतरी. म्हणजे सूर्यच त्यांना नाचवत असणार. पण लिंक्सचं चक्र भरतं सरासरी ९.६ वर्षांचं. अकराचा ताल आणि साडेनऊचा ताल थोडा वेळ जुळल्यासारखे वाटतात, मग सुटतात. शंभर वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या की ही फारकत लपत नाही.

पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये वेगळा विचार केला. आकडे चक्रात फिरतात म्हणजे त्यामागचं कारणही चक्रातच फिरत असलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. मोराननं ते धरलं नाही. चक्र प्राण्यांच्या आतलंच असेल, म्हणजे खाणं, पिल्लं, गर्दी, मरण यांच्या हिशेबातून आलेलं असेल. बाहेरचं हवामान कसंही, बिनतालाचं असलं तरी चालेल. ते दोन्ही ठिकाणी सारखं असलं की पुरे.

नागपंचमीला दोन झाडांना बांधलेले दोन झोके डोळ्यांपुढं आणा. दोर सारख्याच लांबीचे आहेत. एक पुढं असताना दुसरा मागं, असे सोडून दिले. कुणी हात लावला नाही तर दोन्ही हळूहळू थांबतील. आता मधूनच वारा येतो, कधी जोरात, कधी हलका, कसलाही नेम नसलेला, पण दोघांनाही एकाच वेळी लागणारा. सुरुवातीला कोण पुढं होता आणि कोण मागं, ही आठवण घर्षणात विरून जाते. उरतात ते वाऱ्याचे धक्के, आणि ते दोघांचे एकच. काही वेळानं पाहिलं तर झोके बरोबरीनं हलत असतात. त्यांना एकमेकांशी बांधणारी दोरी कुठंच नसते.

प्राण्यांच्या भाषेत दोराची लांबी म्हणजे वस्तीचा आतला नियम: एका मादीमागं किती पिल्लं, गर्दी झाली की किती मरतात, गेल्या वर्षीच्या संख्येचा यंदा किती परिणाम होतो. वारा म्हणजे पाऊस, थंडी, ऊन. मोरानच्या गणिताचा निष्कर्ष विलक्षण नेटका आहे. दोन वस्त्यांचे आतले नियम सारखे आणि सरळ असतील, तर त्यांचं हवामान जितकं एकमेकांशी जुळतं, बरोबर तितक्याच त्यांच्या संख्या जुळतात. हवामानाचं साधर्म्य ०.७ असेल (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ) तर संख्यांचंही ०.७. जीवशास्त्रात असं सुटसुटीत उत्तर क्वचित मिळतं. यालाच मोरान परिणाम म्हणतात.

दोर वेगवेगळ्या लांबीचे असतील तर एकाच वाऱ्यात झोके वेगवेगळे हलतील. ही अट पुढं आपल्या कामाला येणार आहे.

गणित कागदावर ठीक आहे, पण पडताळायचं कसं? दोन वस्त्यांत ये-जा अजिबात नाही, अशी खात्रीची जागा लागते. अशी जागा स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात मिळाली. सेंट किल्डा नावाच्या बेटांवरची शेवटची माणसं १९३० मध्ये निघून गेली. आज हर्टा आणि बोरेरे या दोन बेटांवर मेंढ्या राखणीवाचून जगतात. मधे काही किलोमीटर खवळलेला समुद्र आहे, आणि तो पोहून जाणारी मेंढी अजून जन्मली नाही. तरी दोन्ही कळप बऱ्याच अंशी बरोबर वाढतात आणि बरोबर कोसळतात. १९९८ मध्ये या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मार्चमधली वादळं आणि एप्रिलमधलं तापमान हे दोन्ही कळपांना लागणारे सामाईक धक्के ठरले.

पण तिथं एक पाचर निघाली. कळपांचं साधर्म्य ०.७ च्या थोडं खाली होतं. तेवढं यायला हवामान मात्र ०.९ इतकं जुळावं लागत होतं. कारण मेंढ्यांचा नियम सरळ नाही. कळप लहान असताना वादळ आलं तर फारसं काही बिघडत नाही. गवताच्या मानानं कळप फुगलेला असताना तेच वादळ निम्म्याहून जास्त मेंढ्या घेऊन जातं. म्हणजे हवामानाचा धक्का सारखा असला तरी तो कुठल्या क्षणी बसला यावर सगळं अवलंबून. मोरानचं गणित खोटं ठरलं नाही, पण खऱ्या रानात ते थोडं गळकं असतं.

आता आपल्याकडं. एकदम वाढण्याचं दुसरं कारण म्हणजे ये-जा, आणि त्याचा धडा उसाच्या पट्ट्यानं २००२ साली घेतला. त्याआधी लोकरी मावा म्हटलं तर तो ईशान्य भारतातला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो सांगली जिल्ह्यात दिसला, आणि बघता बघता कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट असा पसरत गेला. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या लोकरीचा थर, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काजळी. पंख फुटलेला मावा वाऱ्यावर जातो. पण वाऱ्यापेक्षा मोठं वाहन आपणच पुरवलं, म्हणजे बैलगाडीतून जाणारं वाडं आणि ट्रकमधून जाणारं बेणं.

हुमणी आणि लोकरी मावा यांच्यातला फरक बघण्यासारखा आहे. हुमणीचं वाईट वर्ष सगळीकडं एकदम उगवतं. मावा मात्र क्रमानं आला, आधी एक गाव, मग शेजारचं, मग त्यापुढचं. संशोधकही हेच तपासतात. जवळच्या वस्त्या घट्ट जुळलेल्या आणि लांबच्या सैल, शिवाय शिखर एका दिशेनं सरकत जाणारं, असं असेल तर ये-जा धरावी. मधे समुद्र किंवा डोंगर असूनही वर्ष तेच असेल तर हवामान धरावं. बहुतेक वेळा दोन्ही थोडंथोडं असतं, आणि एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्याचं मी तरी लगेच ऐकत नाही.

माव्याची पुढची गोष्ट जास्त रंजक आहे. त्याच्यामागून त्याला खाणारे आले. दिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याची वसाहत फस्त करते. मायक्रोमस नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा किडाही तेच करतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस मोठ्या प्रमाणावर वाढवून तो शेतात सोडण्याचं तंत्र बसवलं. पुढच्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत मावा खाली आला. म्हणजे वाढ जुळली ती ये-जेमुळं, आणि उतार जुळला तो शत्रूमुळं.

शत्रू हे तिसरं कारण. लिंक्सच्या बाबतीत तेच उलट बाजूनं दिसतं. लिंक्सचं पोट मोठ्या पायांच्या हिमसशांवर चालतं, आणि दहा वर्षांचं चक्र मुळात सशांचं आहे. सशांना नक्की कोण फिरवतं, चारा की शिकारी, यावर वाद होता. कॅनडाच्या युकॉन भागात चार्ल्स क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानाचे मोठमोठे तुकडे आखून प्रयोग केला. शिकाऱ्यांना कुंपणाबाहेर ठेवलं तिथं सशांची दाटी दुप्पट झाली. नुसता चारा घातला तिथं तिप्पट. दोन्ही केलं तिथं अकरा पट. दोन आणि तीनची बेरीजही नाही आणि गुणाकारही नाही, थेट अकरा. चारा आणि शिकारी एकमेकांत गुंतलेले असतात. पोट भरलेला ससा उघड्यावर कमी फिरतो आणि सापडतो कमी, अशा वाटेनं हे घडू शकतं. सशांची वाट लागली की उपाशी लिंक्स शेकडो किलोमीटर चालत जातो आणि जिथं ससे शिल्लक असतील तिथं जाऊन त्यांनाही खाली ओढतो. मागं पडलेल्या भागाला इतरांच्या तालावर आणायचं काम असं शिकारीच करतो.

कधी कधी सामाईक कारण आपल्या नजरेच्या टप्प्यातही नसतं. अथणीकडं, विजापूरकडं शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात. हे पक्षी विणीला मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात असतात आणि तिथं पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतात. ज्या वर्षी तिकडं टोळ भरपूर, त्या वर्षी पिल्लं जास्त. मग आपल्याकडं अथणीतही भोरड्या जास्त, जतलाही जास्त, सोलापूरलाही जास्त. गोफण घेऊन मचाणावर बसलेल्यानं कारण आपल्या शिवारात शोधलं तर सापडायचं नाही. अर्थात आल्यावर कुठल्या रानात उतरायचं हे इथल्या पिकावर ठरतं, त्यामुळं एका गावच्या थव्यावरून मध्य आशियाचा अंदाज बांधू नये.

दोराच्या लांबीची अट आता आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभेच्या काठानं नजर पोचेल तिथवर ऊसच दिसतो, आणि त्यातही पुष्कळ ठिकाणी एकच वाण, को ८६०३२. लागणीचा हंगाम तोच, पाणी देण्याची तऱ्हा तीच, खोडवा ठेवण्याची सवय तीच. पूर्वी एका शिवारात ज्वारी, दुसऱ्यात भुईमूग, तिसऱ्यात तंबाखू, मधे पड रान असायचं. प्रत्येक ठिकाणी किडीचा आतला नियम वेगळा होता. आता आपण शेकडो गावांतले दोर मोजून सारख्या लांबीचे केले आहेत. वारा तर पूर्वीही एकच होता. एकदम माजणाऱ्या किडीला फक्त हवामानाच्या नावानं शिव्या घालणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं.

याच गोष्टीचा उलटा फायदाही होतो. वळवानंतर भुंगेरे एकदम बाहेर पडतात, अंडी घालायच्या आधी झाडावर जमतात. त्या संध्याकाळी फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, ही जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत आहे. एकट्यानं केलं तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्या रानात येतातच. सगळ्या गावानं त्याच संध्याकाळी केलं तर बाहेरून भर पडायला जवळपास कुणी उरत नाही. किडीला खाली आणायचं असेल तर सगळीकडं एकदम आणावं लागतं.

जी गोष्ट किडीच्या बाबतीत आपल्याला हवी असते, तीच इतर प्राण्यांच्या बाबतीत घातक ठरते. एका माळावरचे ससे किंवा तितर एखाद्या वर्षी संपत आले, तरी शेजारच्या माळावर ते टिकून असतील तर दोन-चार वर्षांत जागा पुन्हा भरते. दोन्ही माळ एकाच वर्षी ओस पडले तर भरणार कुठून? एखादी वस्ती किती खोल घसरली यापेक्षा शेजारच्या वस्त्याही तेव्हाच घसरल्या का, हा प्रश्न मोठा आहे. प्राणी वाचवायचे बेत आखताना नुसती एकूण संख्या मोजणारे इथंच फसतात. पाच वस्त्या आहेत म्हणजे पाच आधार आहेत असं नव्हे. त्या पाचही एका तालात असतील तर तो हिशेबाला एकच आधार.

या बाबतीत बेळगाव जिल्ह्याचं नशीब चांगलं आहे. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाचा पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. अथणीला पाचशे-सहाशे झाला तरी लोक बरं म्हणतात. दोन्हींत दीडशे किलोमीटरचंही अंतर नाही. जास्त पावसाचं वर्ष अथणीच्या माळावर गवत आणि किडे आणतं, म्हणजे तितरांची, सशांची चंगळ. तेच वर्ष खानापूरच्या भाताच्या खाचरात उंदरांची बिळं बुडवतं. एकच ढग एकीकडं वर ढकलतो आणि दुसरीकडं खाली. जांबोटी-लोंढ्याचं रान, मधला भाताचा पट्टा, गोकाकचे खडक, पूर्वेचा माळ असे वेगवेगळ्या लांबीचे दोर एकाच जिल्ह्यात टांगलेले आहेत. त्यामुळं सगळं एकदम बुडण्याची शक्यता कमी राहते.

कमी, पण शून्य नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या तेव्हा नदीकाठी बिळात राहणाऱ्या, जमिनीवर घरटं करणाऱ्या सगळ्यांना एकच धक्का बसला. एल निनोच्या वर्षी मान्सून देशाच्या मोठ्या भागात एकदम ओढ देऊ शकतो, आणि तेव्हा जिल्ह्यातला फरकही फिका पडतो. धक्के जितके मोठे आणि पसरट, तितके ताल जास्त जुळणार.

आणि ज्यांना शेजारच नाही त्यांचं काय? खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली घोषित झालेलं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाची वसाहत आहे. १९१३ मध्ये या जातीचं वर्णन झालं, आणि त्यानंतर कितीतरी दशकं जगात तिचं हे एकच ठिकाण माहीत होतं. पुढं कंबोडियात आणि मेघालयातही ती सापडली. तिथलं वटवाघूळ बारापेड्याची रिकामी जागा भरायला येणार नाही. वस्त्या जुळतात की नाही हा प्रश्नच तिथं उद्भवत नाही. ती एक गुहा बिघडली की इथला विषय संपला.

हे सगळं ओळखायला लागतात त्या वह्या. दोन-चार वर्षांच्या आकड्यांत कुठलाही ताल दिसतो, आणि तो बहुधा खोटा असतो. दहा वर्षांचं चक्र पकडायचं तर निदान दोन-तीन चक्रं नोंदीत यायला हवीत. हडसन्स बे कंपनीला विज्ञानाशी देणंघेणं नव्हतं, तिला कातड्यांचे पैसे मोजायचे होते. आपल्याकडंही अशा वह्या असतात: तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद, कारखान्याच्या गटातलं टनेज, जानेवारीत तळ्यांवर होणारी पाणपक्ष्यांची मोजणी, एखाद्या हौशी माणसानं डायरीत लिहिलेली पहिल्या भुंगेऱ्यांची तारीख. अडचण अशी की कागलच्या किडीची नोंद महाराष्ट्राकडं मराठीत होते आणि निपाणीच्या किडीची कर्नाटकाकडं कन्नडात. शेताला शेत लागून असलेल्या दोन गावांचे आकडे दोन राजधान्यांना जातात. जुळणी बघायची तर आधी त्या दोन वह्या एका टेबलावर याव्या लागतील, आणि त्यांतल्या तारखा, क्षेत्र, मोजण्याची पद्धत एक करून घ्यावी लागेल. मोरानचं गणित त्यानंतरचं, आणि खरं तर त्या मानानं सोपं.